चोवीस घोड्यांचा गडी

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हर्मॉन्ट राज्यात, हिवाळा तोंडावर आला असताना एखाद्या ट्रॅक्टर विक्रेत्याच्या आवारात चक्कर मारली, तर एक गंमत चटकन ध्यानात येते. रंग निरनिराळे, कंपन्या निरनिराळ्या, पण छोट्या ट्रॅक्टरांच्या ताकदीचे आकडे एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. नारिंगी कुबोटाचा एल-२५०१ आहे २४.८ हॉर्सपॉवरचा, हिरव्या जॉन डिअरचा ३०२५-ई आहे २४.७ चा. पंचविशीच्या उंबरठ्याबाहेर सगळे चपला काढून उभे असावेत तसा हा प्रकार.

उंबरठा घातला आहे तो सरकारने. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने रस्त्यावर न धावणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. शेवटचा टप्पा छोट्या ट्रॅक्टरांच्या वर्गाला लागू झाला २०१३ मध्ये. त्यात एक रेघ १९ किलोवॉटवर, म्हणजे साधारण साडेपंचवीस हॉर्सपॉवरवर मारलेली आहे. रेघेच्या खालच्या इंजिनाने दर किलोवॉट-तासाला ०.४ ग्रॅम काजळी सोडली तरी चालते. रेघेच्या वरच्याला ०.०३ ग्रॅमची मर्यादा. तेरापटीहून कडक. ती पाळायची तर बहुतेक कंपन्यांना सायलेन्सरच्या जागी काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या जोडीला सेन्सर आणि संगणक बसवावा लागतो. फिल्टर भरला की इंजिन जास्त तापवून आतली काजळी जाळून टाकते, आणि त्यासाठी ट्रॅक्टर काही वेळ चढ्या आरपीएमवर सलग चालवावा लागतो.

बर्फ काढणाऱ्याची अडचण नेमकी इथे होते. सकाळी सहाला थंडगार इंजिन सुरू करायचे, वीस मिनिटांत वाट मोकळी करायची आणि कामावर पळायचे, हा त्याचा रिवाज. इंजिन धड तापतही नाही आणि काजळी मात्र साचत जाते. म्हणून अनेक जण जाणूनबुजून पंचविशीच्या आतला ट्रॅक्टर घेतात. ताकद थोडी कमी, पण कटकट कमी. एरवी एचपी म्हणजे मोठेपणा मानणाऱ्या या बाजारात गिऱ्हाईक आपण होऊन खालचा आकडा मागते, हे दृश्य दुर्मिळ आहे.

हे गिऱ्हाईक कोण? बहुतेक वेळा दहा ते चाळीस एकरांचा धनी. त्यातला बराचसा भाग जंगल: मेपल, बीच, बर्च. थोडे कुरण, चार गाई किंवा दोन डझन मेंढ्या, भाजीपाल्याचे वाफे, एखादे पॉलिहाऊस. घर रस्त्यापासून आत, आणि मधली वाट खडीची. व्हर्मॉन्टमध्ये सार्वजनिक रस्तेसुद्धा निम्म्याहून अधिक कच्चे आहेत, मग खासगी वाटेची काय कथा. बर्लिंग्टन या तिथल्या सर्वांत मोठ्या शहरात वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो. डोंगराळ भागात त्याहून पुष्कळ जास्त. गावाचा बर्फ ढकलणारा नांगर सार्वजनिक रस्ता साफ करून जातो. जाता जाता तुमच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा एक बांध घालून जातो, आणि तासाभरात तो दगडासारखा घट्ट होतो. तिथून पुढे दारापर्यंत ज्याचे त्याने पाहायचे.

त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद वाट. त्यावर रात्रीत तीस सेंटिमीटर बर्फ. झाले नव्वद घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो, म्हणजे नऊ टन. ओला असेल तर वीस टनांच्याही पुढे. छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरची बकेट पाव घनमीटरच्या आसपास असते. नुसत्या बकेटने उचलून टाकायचे म्हटले तर कागदावर साडेतीनशेहून अधिक खेपा होतात. प्रत्यक्षात बर्फ दाबला जातो, ढकलता येतो, त्यामुळे एवढ्या लागत नाहीत. पण ट्रॅक्टर निवडताना इंजिनाच्या आधी बर्फाची जागा का पाहावी, ते या आकड्यांवरून कळते. हा नऊ टनांचा ढीग जाणार कुठे?

ट्रॅक्टरांच्या जाहिराती या प्रश्नाला हात घालत नाहीत. जुने जाणते लोक मात्र सुरुवातच तिथून करतात.

छोटा ट्रॅक्टर या लोकांच्या दारी आला तो जपानी भातखाचरांतून. त्याआधी अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्याचा सोबती होता फोर्डचा ८-एन. १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांवर विकला गेलेला हा ट्रॅक्टर अजूनही कुठे कुठे धुगधुगी धरून आहे. दोनच चाकांना ताकद, उलटल्यास वाचवणारी कमान नाही, पुढे लोडर बसवला तर स्टिअरिंग फिरवताना खांदे निखळायची पाळी. पुढे अमेरिकन कंपन्या मोठमोठ्या ट्रॅक्टरांच्या मागे लागल्या आणि खालची जागा मोकळी पडली. ती कुबोटाने हेरली. १९६९ मध्ये २१ हॉर्सपॉवरचा एल-२०० अमेरिकेत उतरला, १९७२ मध्ये कंपनीने तिथे स्वतःचे दुकान थाटले. मग अमेरिकन कंपन्यांनीही जपान गाठले. १९७३ चा फोर्ड १००० शिबाउराने बनवलेला होता, १९७७ चे जॉन डिअर ८५० आणि ९५० यानमारने. बोनेटवरचा रंग अमेरिकन, आतला जीव जपानी.

या जपानी यंत्रांत चिखलासाठी घातलेले गुण बर्फातही कामी आले. वजनाने हलकी, बांध्याने आटोपशीर, वळायला चपळ आणि चारही चाकांना ताकद.

यातला पुढचा अध्याय भारतीय आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ मध्ये ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि मुंबईतल्या कांदिवलीचा कारखाना कित्येक वर्षे त्यांचा बालेकिल्ला होता. १९९४ मध्ये कंपनीने टेक्सासमध्ये अमेरिकन शाखा काढली. तिथे विकायचे छोटे ट्रॅक्टर बराच काळ जपान आणि कोरियातल्या कारखान्यांतून बनवून घेतले जात. २०१५ मध्ये मित्सुबिशीच्या शेतीयंत्रांच्या कंपनीत महिंद्राने एक तृतीयांश वाटा घेतला, आणि त्या जोडीतून हलक्या, चारचाकी ताकदीच्या ट्रॅक्टरांची ‘ओजा’ ही मालिका जन्माला आली. १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये ती जगापुढे आली. ती बनते तेलंगणातल्या झहीराबादला. पुण्याजवळच्या सणसवाडीत जॉन डिअरचा कारखाना आहे, तिथून अमेरिकेला जाणारे ५-ई मालिकेतले ट्रॅक्टर मात्र या छोट्यांपेक्षा मोठ्या चणीचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला असा छोटा ट्रॅक्टर काही नवलाचा नाही. नाशिकच्या द्राक्षबागांत दोन ओळींच्या मधून तो औषधफवारणीचा ब्लोअर घेऊन फिरतो, बागेत रोटाव्हेटर मारतो. पण आपल्याकडे ट्रॅक्टरची सगळी करामत त्याच्या पाठीमागे असते: नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ट्रॉली. व्हर्मॉन्टमध्ये तो पुढूनही तेवढाच राबतो. लोडर नसलेला छोटा ट्रॅक्टर तिथे क्वचितच विकला जातो. शेणखत उचलणे, खडी पसरणे, लाकडाचे ओंडके ओढून आणणे, चाऱ्याचे गठ्ठे हलवणे, सगळे पुढच्या दोन हातांवर.

आणि या हातांच्या ताकदीचा छापील आकडा फार फसवा असतो. माहितीपत्रकात लिहिलेले असते की लोडर अमुक किलो उचलतो. ते वजन मोजलेले असते बकेट जिथे जोडतात त्या पिनांपाशी. एल-२५०१ च्या लोडरचा असा आकडा पाचशे किलोच्या आसपास आहे. आता गवताचा चार बाय पाच फुटी गोल गठ्ठा घ्या. वाळलेला असला तरी चारशे किलोच्या घरात जातो. पाचशेत चारशे सहज बसायला हवेत. पण गठ्ठा उचलायला बकेट काढून लोखंडी काटे लावावे लागतात, त्यांचेच शंभरएक किलो गेले. शिवाय गठ्ठ्याचा मध्य पिनांच्या पुढे अर्धा-पाऊण मीटर येतो, आणि जितके ओझे पुढे, तितकी लोडरची ताकद कमी. गठ्ठा जमिनीपासून वीतभर सुटतो आणि तिथेच अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन उचलली जायला लागतात. ज्याच्याकडे जनावरे आहेत आणि जो गोल गठ्ठे विकत घेतो, त्याने बर्फाचा विचार नंतर करावा आणि आधी या एका गठ्ठ्याचा करावा. अगदी लहान वर्गातले ट्रॅक्टर, कुबोटाच्या बीएक्ससारखे, घरामागच्या बागेला आणि छोट्या वाटेला उत्तम. पण गठ्ठ्यापुढे ते हात टेकतात.

याला उतारा म्हणजे मागे वजन. काँक्रीट भरलेली तीन-चारशे किलोंची पेटी मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर टांगतात. ती लोडरच्या ओझ्याला तोलून धरते आणि बर्फावर मागच्या चाकांना पकडही देते. दुसरा उपाय टायरमध्ये द्रव भरण्याचा. आपल्याकडे उसाची ट्रॉली ओढणारे मागच्या टायरांत पाणी भरतात. व्हर्मॉन्टच्या जानेवारीत ते पाणी गोठून दगड होईल. म्हणून तिथे पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरत. ते गोठत नाही, पण गळले तर रिम गंजवून खाते. आता बिटाच्या मळीपासून बनवलेला दाट द्रव मिळतो, तो पाण्यापेक्षा जडही असतो आणि लोखंडाला त्रासही देत नाही. महाग पडतो, एवढेच.

एचपीवर चार हजार डॉलर जास्त टाकणारा माणूस वजनावर चारशे टाकायला का कुरकुरतो, हे एक कोडेच आहे. घसरणाऱ्या चाकाला इंजिनाची ताकद काही उपयोगाची नसते.

आता पुन्हा त्या नऊ टनांकडे.

बर्फ हटवण्याचे मार्ग दोन: ढकलायचा किंवा फेकायचा. ढकलण्याची सर्वांत स्वस्त सोय म्हणजे मागे लावायचे ब्लेड. तिरपे करून ओढत गेले की बर्फ एका बाजूला सरतो. उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे नेला की ढकलताही येतो. हेच ब्लेड उन्हाळ्यात वाट सारखी करायला चालते, म्हणजे एका दामात दोन कामे. लोडरच्या हातांवर पुढे बसवायचा नांगर अधिक सोयीचा, समोर पाहत काम करता येते. पण लोडरचे हात उचलण्यासाठी बनवलेले असतात, धक्के खाण्यासाठी नव्हे. बर्फाखाली दडलेल्या दगडाला किंवा झाडाच्या खोडाला नांगराचे एक टोक वेगात धडकले, तर हात पिळवटतात. म्हणून चांगल्या नांगराला स्प्रिंग असते. अडथळा आला की पाते मागे झुकते. तरीही वेग आवरावाच लागतो.

ढकलण्याची खरी मर्यादा फेब्रुवारीत कळते. प्रत्येक वादळानंतर बाजूचे बांध वाढत जातात, गोठतात, आणि वाट दर आठवड्याला थोडी अरुंद होते. अनुभवी माणूस डिसेंबरच्या पहिल्या बर्फातच वाटेच्या दोन्ही बाजूंना गरजेपेक्षा मीटरभर जास्त ढकलून ठेवतो. नवखा वाटेपुरतेच साफ करतो, आणि फेब्रुवारीत त्याच्या नाकी नऊ येतात. समोरच्या सार्वजनिक रस्त्यापलीकडे ढकलून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. व्हर्मॉन्टच्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्ता ओलांडून बर्फ टाकायला बंदी आहे.

मग फेकणारे यंत्र येते. हे यंत्र रूढ केले शेजारच्या क्विबेकमधल्या आर्थर सिकार यांनी. त्यांनी १९२५ मध्ये बर्फ फेकणारे स्वयंचलित वाहन बनवले आणि दोन वर्षांनी मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाने ते विकत घेतले. छोट्या ट्रॅक्टरला लावायच्या स्नो-ब्लोअरची तऱ्हा आजही तीच आहे. पुढे आडवा, मळसूत्रासारखा फिरणारा ऑगर बर्फ कापून मध्यभागी आणतो. मागचा वेगाने फिरणारा पंखा तो नळीतून दूर भिरकावतो. बांध तयारच होत नाहीत. बर्फ दहा-बारा मीटर लांब, कुरणात जाऊन पडतो.

पण हा ब्लोअर बसवायचा कुठे, यावर दुमत आहे. मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद जोडयंत्रांना देणाऱ्या फिरत्या शाफ्टला लावला, तर तो स्वस्त आणि मजबूत. ५४० आरपीएमचा तोच पीटीओ उन्हाळ्यात गवत कापायला चालतो. मात्र काम सारे उलटे जात करावे लागते, मान खांद्यावरून मागे वळवून. अर्धा तास चालते. दोन तास रोज केले तर फिजिओथेरपिस्टचे बिल येते. पुढे लावायचा, तर ट्रॅक्टरच्या पोटाखालचा, २००० आरपीएमच्या आसपास फिरणारा दुसरा पीटीओ हवा. तो प्रत्येक मॉडेलला नसतो. वर त्याची चौकट, शाफ्ट, हायड्रॉलिक नळ्या, शिवाय लोडर उतरवून ठेवावा लागतो. डोळ्यांपुढे काम, मानेला आराम आणि खिशाला मोठे भोक.

क्विबेकवाल्यांनी तिसरा मार्ग काढला आहे आणि तो फार चतुर आहे. त्यांचा ब्लोअर मागेच असतो, पण त्याचे तोंड ट्रॅक्टरकडे, म्हणजे पुढच्या दिशेला. ट्रॅक्टर ब्लोअर उचलून गॅरेजच्या दारापर्यंत उलटा जातो, तिथे ब्लोअर खाली टेकवतो आणि सरळ पुढे चालत बर्फ ओढत, फेकत बाहेर येतो. दाराला चिकटलेला बर्फही सुटत नाही. सँ-तीत इथली प्रोनोवो आणि सँ-पास्कालची नॉर्मां या कंपन्या अशी यंत्रे बनवण्यात मुरलेल्या आहेत. मॉन्ट्रियलच्या उपनगरांत हिवाळा लागला की प्रत्येक घरापुढे ठेकेदाराच्या नावाच्या काठ्या रोवलेल्या दिसतात. वादळानंतर ठेकेदारांचे ट्रॅक्टर गल्ल्यागल्ल्यांत फिरतात आणि एकेक घर काही मिनिटांत उरकतात. ते ट्रॅक्टर मोठे असतात खरे, पण छोट्यांसाठीही असे ब्लोअर मिळतात. एक खोट आहे: उलटे जाताना चाके बर्फ दाबून घट्ट करतात, आणि तो दाबलेला पट्टा खरवडणे जड जाते.

कुठलाही घ्या, ब्लोअर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा रुंद हवा. नाहीतर एक चाक सतत न काढलेल्या बर्फावर चढते आणि ट्रॅक्टर तिरका चालतो. रुंदी वाढली की ताकद जास्त लागते. इथे इंजिनाचा नव्हे, पीटीओचा एचपी मोजायचा.

दोन्हींत बराच फरक असतो आणि तो गिअरबॉक्सवर ठरतो. एल-२५०१ चेच घ्या: गिअरच्या मॉडेलला पीटीओवर २०.५ एचपी मिळतो, हायड्रोस्टॅटिकला १९. हायड्रोस्टॅटिकमध्ये क्लच-गिअर नाहीत. तेलाच्या दाबाने चाके फिरतात, पायाखालचे पेडल दाबले की पुढे, दुसऱ्या बाजूने दाबले की मागे. दीड घोडा तेल तापवण्यात जातो. नांगरणी करणाऱ्याला हा तोटा खुपेल. बर्फ काढणाऱ्याने तो हसत सोसावा, कारण ब्लोअरला पीटीओचा वेग कायम हवा असतो आणि चाकांचा वेग मात्र क्षणाक्षणाला बदलायचा असतो. पुढे बांध आला की मुंगीच्या पावलांनी, भुसभुशीत आला की चालत्या माणसाच्या वेगाने. गिअरच्या ट्रॅक्टरवर यासाठी प्रत्येक वेळी क्लच दाबावा लागतो; शे-दोनशेदा पुढेमागे केले की डावा गुडघा बोलायला लागतो. ज्याचे मुख्य काम नांगर ओढण्याचे आणि बर्फ दुय्यम, त्याने गिअर घ्यावा. व्हर्मॉन्टच्या या वर्गातल्या शेतकऱ्याची नांगरणी वर्षाला एक-दोन दिवसांची आणि बर्फ पाच महिन्यांचा असतो.

टायरांचा घोळ वेगळाच. विक्रेता सहसा इंडस्ट्रियल टायर लावून देतो; जाड, टिकाऊ, पंक्चर कमी. खडीवर आणि लोडरच्या कामाला ते ठीक, पण कडक बर्फावर त्यांच्या रुंद नक्षीला पकड मिळत नाही. उंच कडांचे शेतीचे टायर चिखलात सरस, पण गोठलेल्या बर्फावर तेही घसरतातच. अखेर साखळ्या लागतात. त्या घेण्याआधी मडगार्ड आणि टायर यांच्यात किती बोटे जागा आहे हे मोजलेले बरे, विशेषतः केबिनच्या ट्रॅक्टरला. उतारावर आणखी एक खुबी जपावी लागते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. चारचाकी ताकद जोडलेली असली, तरच पुढची चाकेही थांबवायला मदत करतात. घसरत्या उतारावर फोर-व्हीलचा दांडा काढून ठेवणे म्हणजे अर्धे ब्रेक काढून ठेवणे.

थंडीचे प्रश्न महाराष्ट्रातल्या ट्रॅक्टरवाल्याला सहसा ठाऊकही नसतात. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. पारा पुरेसा खाली उतरला की त्याचे कण बनतात, डिझेल गढूळ होते, फिल्टर तुंबतो आणि इंजिन धापा टाकत बंद पडते. म्हणून हिवाळ्यात हलके डिझेल मिसळतात किंवा मेण न जमू देणारे रसायन आधीच टाकतात. जमल्यानंतर टाकून फारसे साधत नाही. आपल्याकडे लडाखला हाच त्रास होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने पानिपत रिफायनरीतून तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल पाठवायला सुरुवात केली. व्हर्मॉन्टमध्ये शिवाय इंजिनाच्या ब्लॉकला विजेचा हीटर असतो. पहाटे बर्फ पडणार असेल तर सुरू करण्याआधी तास-दोन तास त्याची वायर घरातल्या प्लगला लावतात. वादळात वीज गेली की हीटरही गेला. त्यामुळे शहाणा माणूस ट्रॅक्टर वाटेच्या टोकाला उघड्यावर नव्हे, आडोशाला ठेवतो.

केबिन घ्यावी का? यावर नवरा-बायकोंत वाद झडतात. केबिनला हीटर असतो, वायपर असतो, ब्लोअरने फेकलेला बर्फ वाऱ्याने परत तोंडावर येत नाही. उघड्या सीटवर उणे वीसमध्ये, वारा समोरून, मान मागे वळवून तासभर बसणे ही शिक्षा आहे. पण केबिन हजारो डॉलरनी महाग असते. जुन्या गोठ्याच्या दारातून ती आत जात नाही. मेपलच्या बागेत खाली आलेल्या फांद्या काचांवर आपटतात. कमान दुमडता येणारा उघडा ट्रॅक्टर पॉलिहाऊसमध्ये, गोठ्यात, झाडांखाली कुठेही शिरतो. ज्याची वाट दोन-तीनशे मीटरची आणि जागा वाऱ्याची, त्याने केबिनचे पैसे खुशाल मोजावेत. आखूड वाट आणि ठेंगणा गोठा असेल, तर जाड कोट पुष्कळ स्वस्त पडतो.

यंत्राच्या आवाक्याचेही भान हवे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला ईरी सरोवरावरून आलेल्या वादळाने चार दिवसांत सुमारे दोन मीटर बर्फ टाकला. अशा वेळी छोट्या ट्रॅक्टरने गप्प बसावे. तिथे मोठे लोडर आणि डंपरच लागतात.

या सगळ्यात जीव जाण्याच्या जागा दोन. पहिली पीटीओ. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सुटलेली नाडी किंवा मफलर शाफ्टने धरला, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. ओल्या बर्फाने नळी तुंबली की मोह होतो, पटकन हात घालून मोकळी करू. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग काठी. दुसरी जागा उलटण्याची. अमेरिकेत उलटलेले ट्रॅक्टर हे शेतीतल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण राहिले आहे. १९८५ पासून तिथल्या उत्पादकांनी नव्या ट्रॅक्टरांना बचावाची कमान आपणहून बसवायला सुरुवात केली. कमान उपयोगी पडते ती सीटबेल्ट बांधला असेल तरच. आणि दुमडलेली कमान असेल तर बेल्ट बांधू नये, कारण मग माणूस ट्रॅक्टरखाली जखडला जातो. जुन्या ट्रॅक्टरांचे काय? न्यू यॉर्कमधल्या कूपर्सटाउनच्या शेती-आरोग्य केंद्राने २००६ मध्ये एक योजना काढली: शेतकऱ्याने जुन्या ट्रॅक्टरला कमान बसवावी, खर्चाचा मोठा हिस्सा परत मिळेल.

जुन्याचा विषय निघालाच, तर जपानहून थेट आलेल्या वापरलेल्या ट्रॅक्टरांची गोष्ट सांगायलाच हवी. भातशेतीत काही शे तास चाललेले, रंग अजून चकचकीत, किंमत निम्मी. १९८० आणि ९० च्या दशकांत दलालांनी ते जहाजे भरून अमेरिकेत आणले. कुबोटाने याविरुद्ध दाद मागितली आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयात तिचीच बाजू टिकली. हे ट्रॅक्टर कुबोटाचेच असले तरी अमेरिकेसाठी बनवलेले नाहीत, सूचना आणि धोक्याचे इशारे जपानीत आहेत, अमेरिकन विक्रेत्यांकडे त्यांचे सुटे भाग आणि सेवा नाही, म्हणून गिऱ्हाईक फसते, असा त्या वादाचा गाभा होता. असे ट्रॅक्टर अजूनही विकायला दिसतात. चार पैसे वाचवायला जावे आणि एका ऑइल सीलसाठी आठवडा जावा, अशी त्यांची तऱ्हा.

म्हणून सरतेशेवटी विक्रेता किती मैलांवर आहे, याला कंपनीच्या नावाइतकेच वजन द्यावे लागते. ब्लोअरच्या ऑगरला शिअर बोल्ट असतो. गोठलेले लाकूड किंवा दगड आत आला की तो मुद्दाम तुटतो, आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट काही डॉलरचा. त्याच्या जागी साधा, कडक पोलादाचा बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी तुटतो तो गिअरबॉक्स. आणि बोल्ट तुटतो तो नेमका रविवारी पहाटे, वादळ चालू असताना, वाट अर्धी झालेली असताना. ट्रॅक्टरची ऑर्डर देतानाच कंपनीचे अस्सल डझनभर बोल्ट बिलात घालून घ्यावेत. त्या दिवशी विक्रेता खुशीत असतो, बहुधा फुकटच देतो.